खुणेचे रोलर

ठिपकेरावांना त्यांचं खरं नाव फक्त पगाराच्या दिवशी ऐकायला मिळायचं. एरवी पाण्याचे पंप बनवणाऱ्या त्या कारखान्यात मोठ्या साहेबापासून झाडूवाल्यापर्यंत सगळे त्यांना ठिपकेरावच म्हणत, आणि त्यात कुणाची चूक नव्हती. भांडार त्यांच्या ताब्यात. खिडकीतून पाना बाहेर गेला की मुठीवर ठिपका, ड्रिल गेलं की बुडाशी ठिपका. संध्याकाळी वस्तू परत आली की ते आधी ठिपका बघत, मग आणणाऱ्याचं तोंड. ठिपका असला तर माल आपला. नसला तर माल बदललेला, आणि आणणारा चोर नसला तरी चोराच्या ओळखीतला.

ही सवय कारखान्याच्या फाटकाशी थांबली असती तर पुढचं काही घडलंच नसतं. पण घरच्या छत्रीला ठिपका होता, डब्याच्या झाकणाला होता, शेजाऱ्याला दिलेल्या हातोड्याला होता. बायकोने एकदा विचारलं होतं, "लग्नानंतर मला ठिपका कुठे दिलात ते तरी सांगून ठेवा." ठिपकेराव हसले नव्हते. जरा विचारात पडले होते.

त्यांची स्कूटर म्हणजे त्यांचा जीव. जुनी, राखाडी, सपाट रस्त्यावर शहाण्यासारखी चालणारी आणि चढ दिसला की आजारी पडणारी. ती एका सकाळी मेहुण्याने मागितली. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. शिलाई मशीनच्या दुकानात दुरुस्तीची नोकरी करता करता त्याच्या डोक्यात स्कूटरी शिरल्या होत्या. हत्यारं घ्यायला त्याने स्वतःची स्कूटर विकली, आणि मग लक्षात आलं की हत्यारं चालवायला स्कूटरच उरली नाही.

"दाजी, तुमची स्कूटर थोडे दिवस माझ्या हाती द्या."

"का? तिला काय धाड भरलीय?"

"काहीच नाही. कंपनीतून आली तशीच आहे बिचारी. तिच्यात बराच दम आहे, कुणी बाहेर काढलाच नाही."

"आतलं बाहेर काढणारे मी रोज बघतो," ठिपकेराव म्हणाले. "भांडारात तेच काम आहे माझं."

मेहुण्याने टोमणा गिळला आणि सगळं नीट सांगितलं. चौकातल्या मोठ्या लॉन्ड्रीच्या मालकीणबाई वरच्या इस्पितळाला धुतलेल्या चादरी पुरवत. इस्पितळ चढाच्या माथ्यावर. बाईंच्या सगळ्या स्कूटरी गठ्ठे घेऊन अर्ध्यावर जीव सोडत, आणि पोरं उतरून ढकलत नेत. मेहुण्याने त्यांना शब्द दिला होता की स्कूटर तीच ठेवून तिचा जोर वाढवता येतो. बाई म्हणाल्या होत्या, "बोलू नकोस, दाखव. दोन गठ्ठ्यांचं वजन घेऊन एक स्कूटर न थांबता फाटकापर्यंत ने. मग माझ्या सगळ्या तुझ्याकडे." इकडे शिलाई मशीनवाल्या मालकाने त्याची जागा महिनाअखेरपर्यंतच मोकळी ठेवली होती. चढ चढला तर स्वतःचं काम, नाही चढला तर पुन्हा त्या दुकानात खाली मान घालून सुया बदलायच्या.

"म्हणजे तू शिकणार माझ्या स्कूटरवर," ठिपकेराव म्हणाले.

"सुरुवात कुठून तरी करायलाच हवी ना, दाजी."

ठिपकेरावांच्या मनात पाल चुकचुकली. या मेहुण्याच्या बाबतीत ती पाल तिथेच बिऱ्हाड करून होती. दोन वर्षांपूर्वी त्याने घरची शिडी नेली होती. परत आली ती डगमगत नव्हती, पायांना नवं रबर होतं, आणि एक पायरी पूर्वी करकरायची ती गप्प झाली होती. दुसऱ्या कुणाला आनंद झाला असता. ठिपकेरावांनी निष्कर्ष काढला की शिडी बदलली. वाईट वस्तू देऊन चांगली परत करणारा माणूस त्यांनी भांडारात कधी पाहिला नव्हता, तेव्हा यात काहीतरी खोल डाव असणार. तो डाव कोणता हे त्यांना अजून उलगडलेलं नव्हतं, म्हणून तर संशय टिकून होता.

पण बायको दारात उभी होती, आणि तिचे हात कमरेवर होते. ठिपकेरावांनी किल्ली दिली.

जिन्याखालच्या जागेत काम सुरू झालं. ठिपकेरावांनी अट घातली होती की आपण घरी असू तेव्हाच स्कूटर उघडायची. ते स्टूल टाकून बसत, तोंडासमोर वर्तमानपत्र, आणि वर्तमानपत्राच्या कडेवरून डोळे. मेहुणा एकेक गोष्ट काढे, साफ करे, बघे, लावे. त्याची एक शिस्त होती. एका वेळी एकच बदल करायचा, मग फेरी मारायची, मग पुढचा. "दोन गोष्टी एकदम बदलल्या की गुण कुणाचा आणि दोष कुणाचा, कळतच नाही," तो म्हणायचा. ठिपकेरावांना हे पटलं, आणि पटलं म्हणून जास्तच खटकलं. चोर शिस्तीचा असला की सापडत नाही.

पहिल्या दिवशी मेहुणा पाणी प्यायला वर गेला तेवढ्यात त्यांनी कार्बोरेटरच्या पोटावर स्केचपेनने निळा ठिपका दिला. कार्बोरेटर म्हणजे इंजिनाला हवा नि पेट्रोल कालवून देणारा भाग. महाग माल. संध्याकाळी तो पुन्हा बसवला तेव्हा ठिपकेरावांनी चष्मा सारखा करून पाहिलं. ठिपका गायब.

त्यांच्या कानात शिट्टी वाजली. पण विचारणार कसं? विचारायचं तर आधी ठिपका दिल्याचं कबूल करायला हवं.

"हा फारच चकचकीत दिसतोय रे," ते म्हणाले.

"पेट्रोलने धुतला, दाजी."

"धुतल्यावर एवढा बदल?"

"तुम्ही आंघोळीनंतर वेगळे दिसत नाही?"

"मी आंघोळीनंतर मीच असतो," ठिपकेराव म्हणाले, आणि वर निघून गेले.

पेट्रोलने स्केचपेनही धुतलं जाईल हा विचार त्यांच्या मनात आला नाही असं नाही. आला, दारात उभा राहिला, आणि आत शिडी बसलेली पाहून परत गेला. मात्र त्यातून त्यांनी एक धडा घेतला. पुढची खूण पेट्रोलला दाद न देणारी हवी. बायकोच्या आरशापुढे नेलपॉलिशची लाल बाटली होती. ती त्यांनी खिशात घातली.

चार दिवसांनी रोलर आले. स्कूटरच्या डाव्या बाजूच्या झाकणामागे, पट्ट्याच्या पुलीत, लिमलेटच्या गोळीएवढ्या सहा गोल चकत्या असतात. गाडी पळायला लागली की त्या बाहेरच्या बाजूला सरकतात, मग चाकाला वेग मिळतो. गाडी हळू झाली की आत येतात, मग जोर मिळतो. मेहुण्याने जुने, जड रोलर काढले आणि हलक्या रोलरचं सीलबंद पाकीट ठिपकेरावांच्या देखत फोडलं.

"हलके असले की पटकन बाहेर पळत नाहीत, जोर जास्त वेळ टिकतो. चढाला हेच लागतं. बघा, अगदी नवे आहेत."

ठिपकेरावांनी पाहिले. नवेच होते. आज नवे आहेत, पण उद्या, परवा? पाच मिनिटांत काढता येणारा माल. दुसऱ्या कुणाच्या स्कूटरमध्ये हे गेले आणि यात झिजलेले आले तर झाकणाबाहेरून कुणाला कळणार? मेहुणा पाना आणायला वर गेला. ठिपकेरावांनी बाटली काढली.

आता रोलरची सपाट बाजू समोरच होती, तिथे ठिपका दिला असता तर काही बिघडलं नसतं. पण तिथे वजनाचा आकडा छापलेला होता, आणि भांडाराचा पहिला नियम असा की छापील आकड्यावर खूण करायची नाही, आकडा झाकला जातो. या नियमासाठी त्यांनी हाताखालच्या कितीतरी लोकांना झापलं होतं. म्हणून त्यांनी प्रत्येक रोलरच्या गोल अंगावर ठिपका दिला. एक हात पातळ वाटला म्हणून वरून दुसरा दिला. तोंडाने फुंकर मारली, पावलं वाजली तसे रोलर होते तसे ठेवले आणि वर्तमानपत्र धरलं.

मेहुण्याने आत आल्यावर नाक वर केलं. "कसला वास येतोय?"

"पेट्रोलचा."

"पेट्रोलचा वास मला माहीत आहे, दाजी."

"मग तुझ्या हाताचा असेल. धूत जा."

मेहुण्याने पुढच्या फेरीचा विचार करता करता, न बघताच, रोलर पुलीत टाकले आणि झाकण लावलं. दिवा ठिपकेरावांच्या खांद्याआड होता. तिथे बसायची जागा त्यांनीच निवडली होती.

त्या दिवसापासून स्कूटर बिघडली.

सपाटीवर छान पळायची. दोन गठ्ठ्यांऐवजी मागे ठिपकेराव बसत, कारण त्यांचं वजन तेवढंच भरत होतं आणि स्कूटर नजरेआड करायची त्यांची तयारी नव्हती. चढ लागला की पहिले काही क्षण ती उत्साहात असायची, मग औषधाच्या दुकानाच्या वळणावर गुरगुरायची, आणि धक्के देत थांबायची. औषधवाला बाहेर येऊन बघायचा. तिसऱ्या वेळी त्याने खुर्चीच आणून ठेवली. "उतरा, साहेब. तुमची जागा राखून ठेवलीय."

मेहुण्याने पेट्रोल कमी केलं, वाढवलं. हवेचा स्क्रू फिरवला. सायलेन्सर उतरवून आतली काजळी झाडली. पट्टा तपासला. दर वेळी एकच बदल, दर वेळी तेच वळण, तीच खुर्ची. त्याच्या डोळ्यांखाली काळं दिसायला लागलं. वहीच्या पहिल्या पानावर विद्यार्थ्याचं अक्षर असतं तशी त्याची शिस्त होती, आणि आता ते अक्षर बिघडत चाललं होतं.

"रोलरचं काही नसेल?" ठिपकेरावांनी एकदा हळूच विचारलं. त्यांना वाटत होतं की रोलर आत नाहीतच.

"ते नवे आहेत ना. नव्याला कशाला हात लावू?"

हे उत्तर ऐकून ठिपकेरावांची खात्री झाली. झाकण उघडायला नको म्हणतोय. का नको म्हणतोय? उघडलं तर ठिपके दिसणार नाहीत, म्हणून. त्याला ठिपक्यांचा पत्ताच नव्हता ही गोष्ट संशयाच्या भरात त्यांच्या हिशेबातून गळाली.

घरात दुसरंच चाललं होतं. ठिपकेरावांनी गुपचूप आरशापुढे परत ठेवलेली बाटली एका दुपारी बायको घेऊन आली आणि तिने ती उजेडात धरून हलवली.

"ही अर्धी कशी झाली?"

"वाळली असेल."

"मी लावलेली नाही. कामवालीला रंग आवडत नाही. उरलं कोण?" ती जवळ आली आणि त्यांच्या बोटाचा वास घेतला. "कुणाची नखं रंगवताय तुम्ही?"

"काहीतरीच काय बोलतेस!"

"सगळ्या गावावर संशय घेणाऱ्या माणसाला एकदा कळू दे संशय कसा चावतो ते," ती म्हणाली आणि बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं. दोन दिवस त्यांना चहा आला, पण कपाबरोबर बायको आली नाही.

महिन्याच्या शेवटच्या रविवारी लॉन्ड्रीच्या मालकीणबाई चढाच्या पायथ्याशी हजर झाल्या. आडव्या बांध्याच्या, पांढऱ्या केसांच्या, बोटांवर शाईचे डाग. बरोबर दोन गठ्ठे. बायकोही आली होती. भावासाठी आली होती, नवऱ्याकडे बघतही नव्हती. मेहुण्याने गठ्ठे बांधले, हत्यारांची पिशवी पायापाशी ठेवली, आणि निघाला. बाकीचे रिक्षातून मागे.

औषधाच्या दुकानाशी स्कूटर गुरगुरली, धक्के दिले, थांबली. औषधवाल्याने सवयीने खुर्ची पुढे केली.

बाई रिक्षातून उतरल्या. "झालं?"

"बाई, एक झाकण राहिलंय," मेहुणा म्हणाला. "बाकी सगळं बदलून पाहिलं. इथे नवा माल होता म्हणून उघडलं नाही. दहा मिनिटं द्या."

"उघड. मलाही बघायचंय. मागच्या मेकॅनिकने जुनाच पट्टा घालून नवा सांगितला होता. तेव्हापासून मी आत डोकावल्याशिवाय कुणाचं ऐकत नाही."

मेहुण्याने रस्त्याच्या कडेला बसून झाकण काढलं, पुली सोडवली आणि उलटी केली. रोलर पडायला हवे होते. पडले नाहीत. बाहेरच्या टोकाला गेले होते आणि तिथेच चिकटून बसले होते. त्याने स्क्रूड्रायव्हरने एक उचकटला. त्याच्या अंगाला लाल, चिकट, काळपट लगदा लागला होता.

"हे नवे?" बाईंनी चष्मा वर केला. "नव्याला हा चिकटा कुठून आला? जुने रंगवून घातलेस होय रे?"

"नाही हो बाई. पाकीट मी दाजींच्या समोर फोडलं." मेहुणा रोलर बोटात फिरवत राहिला. त्याला खरंच काही कळत नव्हतं. "हे काय आहे मलाच माहीत नाही."

"प्रत्येक जण हेच म्हणतो," बाई म्हणाल्या आणि रिक्षावाल्याला हात केला. "गठ्ठे उतरवा."

बायको पुढे आली. तिने रोलर घेतला, नखाने लगदा खरवडला, आणि तो रंग सकाळीच रंगवलेल्या आपल्या अंगठ्याच्या नखाशेजारी धरला. मग तिने पहिल्यांदाच नवऱ्याकडे पाहिलं. तिच्या चेहऱ्यावर आधी सुटका दिसली, म्हणजे दुसरी कुणी नाही एवढी. आणि ती सुटका विरायच्या आत राग आला.

ठिपकेरावांना गप्प बसायची सोय होती. रिक्षा वळत होती. मेहुणा रस्त्यावर उकिडवा बसला होता, आणि उद्या तो शिलाई मशीनच्या दुकानात उकिडवा बसला असता. बायकोही कदाचित चारचौघांत बोलली नसती. पण तिच्या हातातला तो ठिपका त्यांना दिसत होता, आणि ठिपका दिसत असताना माल आपला नाही असं ते आयुष्यात कधी म्हणाले नव्हते.

"तो रंग मी लावलाय," ते म्हणाले.

बाई थांबल्या. "तुम्ही? स्कूटर कुणाची?"

"माझीच."

"मग स्वतःच्याच स्कूटरला..."

"खूण केली. मेहुणा रोलर बदलेल अशी मला शंका होती." त्यांनी मेहुण्याकडे न बघता सांगितलं. "सपाट बाजूला आकडा होता, म्हणून गोल बाजूला केली. गरम होऊन पघळली असणार. बाहेर गेलेले रोलर परत आत येईनात, मग चढाला जोर कुठून मिळणार? दोष याचा नाही."

मेहुण्याने मान वर केली. "संशय माझ्यावर, दाजी?"

"खूण कार्बोरेटरवरही केली होती. ती धुतली गेली."

"आणि शिडी?" बायकोने विचारलं.

"शिडी आधीची आहे," ठिपकेराव पुटपुटले.

औषधवाला खुर्चीवर स्वतःच बसला होता. एवढं रंगतदार त्याला दुकानात बसून कधी ऐकायला मिळालं नव्हतं.

बाईंनी पुली हातात घेतली. सगळे रोलर एकेक करून उचकटले आणि तळहातावर मांडले. "हे बघा, साहेब. रोज हजार चादरी माझ्याकडून जातात, प्रत्येक चादरीला खूण असते. खूण धुण्यात जाता कामा नये, हे खरं. पण खुणेने चादर फाटली तर ती खूण कसली? अक्कल कुठे ठेवली होती?"

"चुकलं," ठिपकेराव म्हणाले. हा शब्द त्यांच्या तोंडून नवाच असल्यामुळे जरा अडकत आला.

"ते राहू दे. आता मला एक सांगा. तुम्ही पहारा केलात, खुणा केल्यात, मेहुण्यावर डोळा ठेवलात. नीट बघा आणि सांगा, यातला एक तरी बदललाय?"

ठिपकेरावांनी चष्मा सारखा केला. रोलर उलटेसुलटे केले. नखाने कडा तपासल्या, आकडे वाचले, लगद्याखालचा आपला दुहेरी हात ओळखला. सगळे बघत होते. त्यांनी घाई केली नाही. घाई त्यांना येतच नव्हती.

"नाही," ते शेवटी म्हणाले. "सगळे तेच आहेत. एकही बदललेला नाही."

"नक्की?"

"मी सांगतोय ना."

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी रिक्षावाल्याला हाताने थांबवलं. "चांगलं बोलणारे मला रोज भेटतात. एवढा संशयी माणूस कुणाबद्दल असं बोललेला मी अजून ऐकला नव्हता. गठ्ठे राहू दे रे. पोरा, साफ कर आणि पुन्हा चढव."

नेलपॉलिश काढायचं पाणी औषधवाल्याकडेच मिळालं. बायकोने ते आणलं, आपल्या रुमालाने एकेक रोलर पुसला आणि भावाच्या हातात दिला. नवऱ्याला हात लावू दिला नाही. मेहुण्याने पुलीच्या खाचा पुसल्या, रोलर घातले, झाकण लावलं. स्कूटर वळणावर गुरगुरली नाही. एका चढ्या सुरात ती वर गेली, आणि वरून हॉर्न ऐकू आला. फाटकापाशी पोहोचल्याचा.

"उद्या एक स्कूटर पाठवते," बाई निघताना म्हणाल्या. "एकच. ती चढली की पुढची." मग ठिपकेरावांकडे वळून, "आणि खूण करायची हौस फिटली नसेल तर लॉन्ड्रीत या. शाई आमची, जागाही आम्हीच दाखवू."

मेहुणा खाली आला तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर आनंद होता, पण तो दाजींच्या दिशेला वळताना अर्ध्यावर थांबला. त्याने हत्यारांच्या पिशवीतून एक कापडी पुरचुंडी काढली.

"तुमचे जुने रोलर. पहिल्या दिवसापासून बांधून ठेवलेत. मोजून घ्या, दाजी."

"कशाला रे. असतील बरोबर."

"नाही, मोजून घ्या."

"घरचाच माणूस तू," ठिपकेराव म्हणाले आणि पुरचुंडी न उघडता खिशात टाकली. मेहुण्याने खांदे उडवले आणि स्कूटर चालू केली. बायको त्याच्या मागे बसली आणि दोघं उतारावरून निघून गेली. स्कूटर ठिपकेरावांची होती, पण त्यांना कुणी विचारलं नाही.

ते पायी निघाले. औषधाच्या दुकानाच्या वळणावरून दिसेनासे होईपर्यंत त्यांचा हात खिशातच होता. आत बोटांनी पुरचुंडीची गाठ सैल केली होती, आणि अंगठा एकेक रोलर बाजूला सारत होता. एक, दोन, तीन. शेवटचा कापडाच्या घडीत अडकला होता, तो सापडेपर्यंत त्यांची पावलं मंदावली होती. सापडला. बरोबर होते. त्यांनी गाठ पुन्हा होती तशी मारली, कारण घरी गेल्यावर ती बघितली जाणार याविषयी त्यांच्या मनात शंका नव्हती.